भिलाटीचा नाला आणि पंधरा ऑगस्टचे भाषण

मी अमळनेर तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. यंदा १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर नववीतल्या एका मुलीने केलेल्या भाषणावरून आमच्या गावात आठ-दहा दिवस वाद चालला. देशभक्ती, देशाचा अभिमान, देशाचा अपमान हे शब्द त्या वादात इतक्या वेळा आणि इतक्या रागाने वापरले गेले की त्यांविषयीचे माझे म्हणणे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. ते भाषण मीच तपासून दिले होते, त्यामुळे या प्रकरणात मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगतो.

गावाच्या पूर्वेला नाला आहे आणि नाल्यापलीकडे भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, आहे. नाल्यावर फरशी, म्हणजे ओलांडायला बुटका पूल, नाही. उन्हाळ्यात लोक कोरड्या पात्रातून जातात-येतात. पावसाळ्यात गुडघाभर पाणी असले तर मुले चपला हातात घेऊन शाळेत येतात आणि पाणी कमरेपर्यंत चढले की घरी थांबतात. यंदा १४ तारखेच्या रात्री वरच्या शिवारात जोराचा पाऊस झाला आणि सकाळी नाला दोन्ही थड्यांना लागून वाहत होता. आम्ही पहाटेच शाळेत पोचलो होतो. खादीचा ध्वज पेटीतून काढून, त्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या घालून, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली. सात वाजता रांगा लागल्या, तेव्हा हजेरीत भिलाटीतली आठ मुले कमी होती.

त्या मुलीच्या भाषणाचा विषय नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता हा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी 'चले जाव'च्या प्रभातफेरीत हातात तिरंगा घेऊन चाललेला हा मुलगा पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, तेव्हा त्याच्या वयाची सोळा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे चौघेही गेले. तिने हे सारे पाठ केले होते, आणि घोषणा गुजरातीत होत्या हेही ती सांगायला विसरली नाही. शेवटची चार वाक्ये मात्र तिने त्याच सकाळी वहीच्या कागदावर लिहिली होती आणि व्यासपीठावर जाण्याआधी मला दाखवली होती. मी वाचून "बोल" म्हणालो. ती वाक्ये अशी होती: "माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी आज इथे नाही, कारण नाल्याला पाणी आहे. भिलाटीतली आठ मुले आज घरी आहेत. हा झेंडा त्यांचाही आहे. म्हणून नाल्यावर फरशी व्हावी, अशी मी सर्व मोठ्या माणसांना विनंती करते."

टाळ्या झाल्या, पण थोड्या. दुपारी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला संदेश आला: "आजना दिन हाई बोलानी काय गरज व्हती?" हा प्रश्न रागाचा असला तरी प्रश्न होता, त्याला उत्तर देता आले असते. संध्याकाळपर्यंत मात्र भाषा बदलली. शाळेत देशाचा अपमान करायला शिकवतात का, मुलीच्या तोंडून हे कोण बोलवून घेते, ज्यांना इथे इतका त्रास आहे त्यांनी दुसऱ्या देशात जावे, असे एकामागून एक येत गेले आणि रात्री कोणीतरी 'देशद्रोह' हा शब्द लिहिला. मुलीचे वडील त्या गटात होते. रात्री साडेनऊच्या सुमारास ते गटातून बाहेर पडल्याची ओळ दिसली, आणि मी, ज्याने तिला "बोल" म्हटले होते, दोन दिवस काहीही लिहिले नाही. त्या दोन दिवसांची मला खंत आहे आणि हा लेख लिहिण्यामागे तीही आहे.

'देशद्रोह' या शब्दाविषयी आधी बोलतो, कारण शब्द जपून वापरायला शिकवणे हे माझे कामच आहे. आपल्या भाषेत राजद्रोह आणि देशद्रोह असे दोन निराळे शब्द आहेत आणि ते निराळे आहेत याला कारण आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेले गेले, ते राजद्रोहाच्या आरोपाखाली. ज्या कलमाखाली ती शिक्षा झाली, ते भारतीय दंडविधानाचे १२४-अ हे कलम स्वातंत्र्यानंतरही राहिले आणि ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवले. राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिणे म्हणजे देशाविरुद्ध लिहिणे, असे मानणारे त्या वेळी परके सरकार होते. मराठी माणसाने ती गल्लत कधी केली नाही आणि टिळकांना देशद्रोही म्हटले नाही. आमच्या मुलीने तर सरकारचेही नाव घेतले नव्हते. तिने गावातल्या मोठ्या माणसांना विनंती केली होती.

आता "आजच्या दिवशी" या आक्षेपाकडे येतो, कारण तो मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. सणाच्या दिवशी घरातले भांडण काढू नये, ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु देशाच्या सणाला हीच रीत लावायची असेल, तर आपल्याच जिल्ह्यात काय घडले होते ते आठवले पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रंदिवस राबून 'टिळकनगर' उभारले होते आणि नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून केली होती. त्या काळी देशभक्तीचे याहून मोठे व्यासपीठ नव्हते, आणि त्या व्यासपीठावरून ठराव कशाचा झाला? शेतसाऱ्यात आणि जमिनीच्या खंडात सूट मिळावी, शेतकऱ्याच्या कर्जाचा भार कमी व्हावा, वेठ बंद व्हावी, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, शेतकऱ्यांना आपल्या संघटना बांधता याव्यात, असा तो शेतीविषयक कार्यक्रम होता. देशाच्या नावाने लोक जमले होते म्हणूनच तिथे कर्जाविषयी बोलले गेले. "आजच्या दिवशी कर्ज कशाला" असे म्हटले असते, तर पूर्व खानदेशातला शेतकरी बैलगाडी जुंपून तिथे गेलाच नसता.

त्याच अधिवेशनातली एक आठवण आमच्याकडे सांगितली जाते आणि मी ती दरवर्षी वर्गात सांगतो. उंच खांबावर झेंडा चढवताना तो मध्येच अडकला. खाली मोठमोठी माणसे उभी, आणि झेंडा अर्ध्यावर. तेव्हा शिरपूरचा एक तरुण सरसर खांबावर चढला आणि त्याने दोरी मोकळी केली. झेंडा अडकलेला आहे, असे आधी कोणाच्या तरी तोंडून निघाले असेलच, आणि ते ऐकून कोणाला अपमान वाटल्याचे आजवर मी ऐकलेले नाही.

गटावरच्या संदेशांना कंटाळून मी हे सारे बाजूला ठेवले असते, परंतु तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा घरी आले. आबांचा मुलगा फौजेत आहे. आमच्या गावातून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून कितीतरी मुले भरतीला जातात. पहाटे साडेचारला रस्त्यावर धावणाऱ्या मुलांच्या बुटांचा आवाज हा इथल्या सकाळचा पहिला आवाज असतो. आबांनी गटावर काही लिहिले नव्हते. ओट्यावर बसून, पाणी पिऊन, बराच वेळ पिकाविषयी बोलून झाल्यावर ते म्हणाले, "सर, मना पोऱ्या तठे बरफमा हुभा शे. आजना दिन आठे कोनी देशले नावं ठेवतस ते माले वाईट वाटस."

त्यांच्या या वाक्याला झटकून टाकता येत नाही. ज्याचा मुलगा वर्षातून एकदा सुट्टीवर येतो आणि फोन लागला नाही तर ज्याच्या घरात त्या रात्री कोणी नीट जेवत नाही, त्याला १५ ऑगस्ट हा आपल्या मुलाचाच दिवस वाटतो. त्या दिवशी देशातले उणे ऐकले की आपल्या मुलाच्या उभे राहण्यालाच कोणी उणे म्हणते आहे, असे त्यांना वाटले असणार. आणि मला हेही मान्य आहे की देशाविषयी तुच्छतेने बोलणारी, आपल्या माणसांची फजिती पाहून मनातून सुखावणारी माणसे असतात. त्यांच्या बोलण्याचा आबांना राग येत असेल तर तो रास्त आहे. मलाही येतो. 'आपल्याकडे हे असेच चालायचे' असे म्हणून हात झटकणारा शिकलेला माणूस मला गटावर ओरडणाऱ्यापेक्षा जास्त दूरचा वाटतो, कारण ओरडणाऱ्याला निदान देश आपला वाटत असतो.

पण मुलीने नावे ठेवली नव्हती. मी आबांना तिचा कागद दाखवला. तो माझ्याकडेच राहिला होता, एकरेघी वहीचा, फाडताना एक कोपरा निघालेला, आणि 'फरशी' हा शब्द आधी चुकून खोडून पुन्हा लिहिलेला. आबांनी चष्मा लावून ती चार वाक्ये दोनदा वाचली. मग म्हणाले, "फरशी ते व्हवाले पाहिजेच." आणि थोड्या वेळाने, "पन आजना दिन नको व्हतं." त्यांचे मत बदलले नाही. चहा घेऊन ते गेले. त्यांच्याशी माझे जे मतभेद आहेत ते या एका वाक्यापुरतेच आहेत, आणि पुढचे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गटावरची माणसे नाहीत, आबा आहेत.

आबा, ज्या अमळनेरात आपण बाजाराला जातो, तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. त्यांच्या देशप्रेमाविषयी खानदेशात कोणी शंका घेत नाही. त्या माणसाने मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आले असताना, पंढरपूरला उपोषण केले, कारण विठ्ठलाचे मंदिर दलितांसाठी उघडे नव्हते. सारा देश उत्सवाची वाट पाहत होता. फाळणीच्या बातम्यांनी लोक आधीच धास्तावलेले होते. हा विषय सहा महिन्यांनी काढता आला असता. गुरुजींनी तो तेव्हाच काढला. मला त्याचे कारण असे दिसते की स्वतंत्र होणारा देश कोणाकोणाचा असणार आहे, हे स्वातंत्र्याच्या आधीच ठरायला हवे होते. मंदिर उघडले. त्या दहा दिवसांच्या उपासाला कोणी देशाचा अपमान म्हणत असेल, तर मग देशाचा मान कशात होता हे मला सांगता येणार नाही.

ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो तिच्यातल्या दोषाची लाज त्याच माणसाला वाटते, हे आपण घरात रोज पाहतो. शेजाऱ्याच्या मुलाने चोरी केली तर आपल्याला वाईट वाटते. आपल्या मुलाने केली तर मान खाली जाते. देशातल्या एखाद्या गोष्टीची ज्याला कधीच लाज वाटत नाही, त्याचे देशाशी नाते शेजाऱ्याचे आहे, एवढेच मी म्हणेन.

दुसरी गोष्ट चाळीसगावची आहे आणि ती सांगताना मला आमचा नाला दिसतो. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारने नेमलेल्या एका समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगावच्या दलित वस्तीतील लोकांनी त्यांना एक रात्र थांबण्याचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीत जायला टांगा हवा होता, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी एकाने टांगा दिला, हाकायला मात्र तो आला नाही, आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा वस्तीतला माणूस पुढे बसला. वाटेत नदीवरच्या पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ते बॅरिस्टर होते, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. वीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीतल्या आपल्या भाषणात त्यांनी जाती या राष्ट्रविरोधी आहेत असे सांगितले. 'राष्ट्रविरोधी' हा शब्द त्यांनी कोणा टीकाकारासाठी वापरला नाही, ज्या गोष्टीमुळे माणसे एकमेकांपासून तुटतात तिच्यासाठी वापरला. चाळीसगावच्या त्या पुलावर त्यांनी त्याचा अर्थ स्वतःच्या शरीराने भोगला होता.

आमच्या नाल्यावर फरशी का झाली नाही, याचे कागदोपत्री कारण निधी हे आहे. पण नाल्याच्या अलीकडे सिमेंटचा रस्ता झाला, प्रवेशद्वार झाले, चौकात उंच ध्वजस्तंभ झाला. पलीकडे राहणारे लोक भिल्ल आहेत. १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणी येथे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांनी इंग्रज फौजेशी लढाई दिली, तेव्हा आमच्या वाड्यांतले लोक काय करत होते याची नोंद माझ्या वाचनात नाही. आम्ही भिलाटीतल्या मुलांना देशभक्ती शिकवतो, ते ठीक आहे, शिकवलीच पाहिजे. पण त्यांच्या पणजोबांची ओळख क्रमिक पुस्तकातल्या दोन ओळींवर उरकली जाते, आणि ती मुले मागच्या बाकावर बसून मुकाट्याने ऐकतात, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

सक्तीविषयीही दोन शब्द. राष्ट्रगीत कोणी कसे म्हणावे यावर देशात बरेच वाद झाले आहेत. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा नोव्हेंबर २०१६ चा आदेश त्याच न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये शिथिल केला. मी स्वतः राष्ट्रगीत सुरू झाले की कुठेही असलो तरी उभा राहतो आणि गातो. माझ्या अंगावर आजही काटा येतो. परंतु शेजारचा उभा राहिला की नाही हे पाहण्यासाठी मान वळवली, तर तेवढा वेळ माझे लक्ष राष्ट्रगीताकडे नसते.

आणि ध्वजाच्या कापडाविषयी मला जे वाटते ते इथे सांगून टाकतो, कारण आपला प्रदेश कापसाचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली. त्यामुळे घरोघरी ध्वज पोचला, हे खरे आहे आणि त्यात आनंद आहे. तरी ज्या तालुक्यात प्रत्येक घरात कापूस साठवलेला असतो, तिथे चौकात पॉलिएस्टरचा झेंडा फडकताना पाहून माझ्या मनाला लागते. १६ तारखेला सकाळी गटारीच्या कडेला चिखलात पडलेले पाच लहान झेंडे मी उचलून घरी आणले. संहितेप्रमाणे त्यांची विल्हेवाट एकांतात, सन्मानाने करायची असते, ती केली.

गटावर मी तिसऱ्या रात्री लिहिले. मुलीची ती चार वाक्ये जशीच्या तशी लिहिली, ती बोलण्याची परवानगी मी दिली होती आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन, असे खाली लिहून सही केली. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने जुनाच संदेश पुन्हा टाकला, बाकी गप्प राहिले. मुलीच्या वडिलांना मी घरी जाऊन भेटलो आणि आधी गप्प बसल्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "सर, पोर रडनी नही. मीच घाबरी गवू." ग्रामपंचायतीकडे फरशीसाठीचा अर्ज, भिलाटीतल्या चौदा आणि अलीकडच्या एकवीस जणांच्या सह्यांनिशी, दिला आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाचला जावा, अशी मागणी त्यात आहे. सह्यांमध्ये आबांची आहे.

१५ तारखेला खाऊ वाटताना त्या मुलीने आठ पुडे बाजूला काढून कार्यालयातल्या कपाटात ठेवायला सांगितले होते. प्रत्येकात बुंदीचा एक लाडू आणि दोन गोळ्या. तिने पुड्यांवर नावे घातली होती. १८ तारखेला पाणी उतरले आणि मुले आली, पायांना गुडघ्यापर्यंत गाळ लागलेली. हापशावर पाय धुऊन झाल्यावर तिने एकेकाला नावाने हाक मारून पुडा दिला. लाडू थोडे कडक झाले होते. सगळ्यात लहान, पाचवीतल्या मुलाने पुडा खिशात घातला आणि विचारले, "सर, झेंडा परत कधी चढवनार?" मी २६ जानेवारीची तारीख सांगितली. त्याने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "तवय नाल्याले पानी नही ऱ्हास."